१२ वर्षं राहिला म्हणून भाडेकरू मालक होतो का?

"एकाच घरात १२ वर्षं भाड्यानं राहिलं की घर भाडेकरूचं." बेळगावच्या शहापूर-वडगावपासून निपाणीपर्यंत हा मेसेज फिरतच असतो.

१२ चा आकडा खरा आहे, गफलत पुढं आहे. दावा किती काळात लावायचा हे ठरवणाऱ्या १९६३ च्या मुदत कायद्यातला (लिमिटेशन ॲक्ट) अनुच्छेद ६५ सांगतो, की मालकाचा हक्क झुगारून कुणी उघडपणे मिळकत बळकावून बसला, तर तेव्हापासून १२ वर्षांत मालकानं दावा लावावा. भाडेकरू मात्र मालकाच्याच परवानगीनं आत आलेला असतो. भाडं देतो म्हणजे मालकी मान्यच करतो. मग त्याचा ताबा विरोधी ठरणार कसा? हां, भाडेकरार संपल्यावर मात्र मालकानं गाफील राहू नये, तिथून अनुच्छेद ६७ ची १२ वर्षं मोजली जातात.

या समजाचं मूळ बहुधा शेतजमिनीत असावं. कर्नाटकात जमीन सुधारणा कायद्याच्या १९७४ च्या दुरुस्तीनंतर कुळांना जमिनी मिळाल्या, हे घरोघरी ऐकलेलं. पण तो कायदाच निराळा.

मुदत कायदा केंद्राचा आहे. महाराष्ट्रातल्या चंदगडला जो, तोच कर्नाटकातल्या खानापूरला. ऑनलाइन फुकट मिळतो. हे दोन अनुच्छेद शेजारी ठेवून वाचा, आणि भाड्याच्या पावत्या जपा.