छोटा ट्रायपॉड (जमिनीलगतच्या छायाचित्रणासाठी)

जमिनीपासून वीतभर किंवा त्याहूनही कमी उंचीवर कॅमेरा स्थिर धरणारी तीन पायांची आटोपशीर बैठक. रानफुले, अळंबी, शेवाळ, बेडूक, किडे अशा खुज्या विषयांसाठी निसर्ग छायाचित्रकार ती वापरतात.

हा ट्रायपॉड घेताना बहुतेकांच्या मनात स्थैर्य असते, पण त्याची खरी देणगी उंचीची आहे. उभ्याने टिपलेल्या फुलामागे लगेच माती, खडे, वाळके गवत येते. ही पार्श्वभूमी फुलापासून जेमतेम चार बोटांवर असल्याने तीही रेखीव उमटते आणि फूल त्यात हरवते. तेच फूल त्याच्या पातळीवरून पाहिले की मागची जमीन काही मीटर लांब जाते, धूसर होते आणि एकसलग रंगात मिसळते. देठ किती लांब आहे, फूल कोणत्या बाजूला झुकले आहे, हेही तेव्हाच कळते.

स्थैर्याची गरज मॅक्रो भिंगाने, म्हणजे अगदी जवळून मोठे चित्र टिपणाऱ्या भिंगाने, वाढते. विषय सेन्सरवर मूळ आकाराइतका, म्हणजे १:१ प्रमाणात टिपताना फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ/८ या छिद्रमापाला स्पष्टतेची खोली, म्हणजे रेखीव उमटणारा थर, सुमारे १ मिलिमीटरच मिळते. हातातला कॅमेरा नुसत्या श्वासानेही तेवढा पुढे-मागे होतो. त्यात या प्रमाणाला प्रकाश जवळपास दोन स्टॉपने घटतो, म्हणजे पाव उरतो. पावसाळी सकाळी शटर १/१५ सेकंद किंवा त्याहून मंद ठेवावे लागते, आणि तिथे हाताचा भरवसा उरत नाही. कॅमेऱ्याला हात न लावता रिमोटने किंवा दोन सेकंदांच्या टायमरने शटर सोडावे. स्पष्टतेचा बिंदू सरकवत काढलेल्या अनेक चौकटी एकत्र करण्याचे तंत्र, म्हणजे फोकस स्टॅकिंग, पक्क्या बैठकीवर फार सोपे होते.

रचनेत सर्वांत मोठा अडथळा मधल्या दांड्याचा, सेंटर कॉलमचा. पाय कितीही फाकवले तरी दांडा आधी जमिनीला टेकतो. काही ट्रायपॉडमध्ये तो काढता येतो, काहींत आडवा होतो, काहींत उलटा बसवून कॅमेरा खाली लोंबकळता ठेवता येतो. उलट्या कॅमेऱ्याची बटणे चाचपत काम करणे कष्टाचे असते. मुळात दांडाच नसलेला, पाय जवळपास आडवे होणारा आणि वर दणकट बॉल हेड (कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवणारा गोलाकार सांधा) असलेला ट्रायपॉड या कामाला सर्वांत चांगला. ब्रिटिश बनावटीच्या बेन्बो ट्रायपॉडने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला: एकाच वाकड्या बोल्टवर तिन्ही पाय आणि दांडा हव्या त्या कोनात फिरतात, आणि पायांच्या खालच्या नळ्या तळाशी बंद असल्याने तो ओढ्यातही उभा करता येतो. जोबी कंपनीचा लवचिक पायांचा गोरिलापॉड हलक्या कॅमेऱ्यासाठी आणि फांदीला विळखा घालण्यासाठी उत्तम. जड मॅक्रो भिंगाखाली मात्र लवचिक पाय हळूहळू खचतात.

सह्याद्रीतले सडे, म्हणजे कातळाची सपाट पठारे, या पद्धतीचे हक्काचे क्षेत्र आहे. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत मोडते. तिथल्या जांभ्यावरच्या पातळ मातीत सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू अशा वनस्पती वाढतात, आणि त्यांतल्या कित्येक वीतभरही उंच होत नाहीत. सड्यावर वारा फार, पण जमिनीलगत त्याचा जोर कमी असतो. तरीही फूल डोलत असेल तर ट्रायपॉडचा इलाज चालत नाही. दोन झुळुकांमधल्या क्षणाची वाट पाहावी लागते.

हलत्या जिवांबाबत ट्रायपॉडला मर्यादा आहेत. सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात गळ्याचा रंगीत पंखा फुलवणारा सरडा दगडावरून दगडावर जातो. तिथे पाय लावत बसण्यापेक्षा जमिनीवर टेकवलेली बीनबॅग, म्हणजे कॅमेऱ्याखाली ठेवायची दाण्यांची पिशवी, बरी. आंबोलीचा टोड (भेकाची एक प्रजाती) आकाराने इवलासा असून तो २००९ मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंदला गेला. पावसाच्या सुरुवातीला तो कातळावरच्या उथळ पाण्यात प्रजननासाठी जमतो. अशा ठिकाणी ट्रायपॉडचा पाय कुठे पडतो हे चित्रापेक्षा महत्त्वाचे, कारण त्याच डबक्यात अंडी असतात.

जमिनीलगत काम करणारा माणूस आडवा होतो, आणि एका फुलासाठी शेजारची दहा रोपे चिरडली जातात. ओलसर सड्यावर हे नुकसान सहज होते. म्हणून झोपण्याची जागा उघड्या कातळावर किंवा वाटेवर निवडावी, कोन पाहण्यासाठी वळणारा स्क्रीन वापरावा, चौकटीत येणारे गवत उपटू नये, ते काडीने बाजूला धरावे. ट्रायपॉडच्या पायांना अणकुचीदार खिळ्यांऐवजी रबरी टोपणे असावीत. उभयचरांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या साधनांबरोबर पसरू शकते. त्यामुळे एका ओढ्यातून दुसऱ्याकडे जाण्यापूर्वी ट्रायपॉडचे पाय घासून, धुऊन, पूर्ण वाळवून घेतात. चिखल अडकतो तो पायांच्या सांध्यांत, तेव्हा नळ्या उघडून साफ कराव्या लागतात.