प्रभूची प्रार्थना : मूळ शब्द आणि अर्थ

येशूने शिष्यांना शिकवलेली आणि ख्रिस्ती उपासनेत सर्वत्र म्हटली जाणारी प्रार्थना. लॅटिनमधील पहिल्या दोन शब्दांवरून तिला ‘पातेर नोस्तेर’ असेही म्हणतात. नव्या करारात ती दोनदा येते : मत्तय ६:९–१३ येथे सविस्तर, लूक ११:२–४ येथे त्रोटक.

मूळ भाषा कोणती, इथूनच गुंता सुरू होतो. येशू गालीलचा, त्याची बोलभाषा अरामी. शुभवर्तमाने मात्र ग्रीकमध्ये आहेत आणि प्रार्थनेचा हाती असलेला सर्वांत जुना पाठही ग्रीकच आहे. ‘मूळ अरामी’ म्हणून हल्ली हौसेने म्हटला जातो तो पाठ बहुधा पेशित्ता या सिरियाक बायबलातला असतो. सिरियाक ही अरामीचीच शाखा, पण तो पाठ ग्रीकवरून झालेले भाषांतर आहे. त्यावर अर्थाचे इमले चढवताना हात आखडता घेतलेला बरा. प्रार्थनेच्या सुरुवातीच्या ‘बापा’ या हाकेमागे मानला जाणारा अरामी शब्द ‘अब्बा’ म्हणजे लहान मुलाची ‘बाबा’ अशी हाक, हे लोकप्रिय मतही टिकलेले नाही. मोठी माणसेही वडिलांना तसेच म्हणत. मराठी ‘आबा’शी त्याचे साम्य निव्वळ योगायोगाचे.

अरामीचा खरा उपयोग होतो तो ऋण माफ करण्याच्या मागणीच्या ओळीत. अरामी ‘होबा’ या एकाच शब्दात कर्ज आणि पाप असे दोन्ही अर्थ आहेत. मत्तयाने ‘ओफेइलेमाता’, म्हणजे सरळ ‘देणी’, असा शब्द घेतला. लूकने ‘पापे’ लिहिले खरे, पण पुढच्याच अर्ध्या ओळीत ‘आमचा प्रत्येक ऋणी’ आलाच. मागे उभा असलेला अरामी शब्द तिथे डोकावतो. पुष्कळ भाषांत रूढ झालेल्या ‘अपराध’ या शब्दात ही देण्याघेण्याची भाषा पुसली जाते. मराठी बायबलने ती राखली आहे : ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’. ‘सोडले आहे’ हेही नेमके. जुन्या हस्तलिखितांतले ग्रीक क्रियापद पूर्ण झालेली क्रिया सांगते, म्हणजे मागणारा आधी स्वतःची येणी सोडून आलेला आहे. देवऋण, पितृऋण ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ‘ऋण’ परके नाही. फक्त ती ऋणे फेडायची असतात, हे माफ करून घ्यायचे आहे.

‘रोजची भाकर दे’ या मागणीतला ‘रोजची’ हा शब्द सर्वांत अवघड. ग्रीक ‘एपिऊसिओस’ या प्रार्थनेबाहेर खात्रीने कुठेच सापडलेला नाही. तिसऱ्या शतकातल्या, ग्रीक जाणणाऱ्या ऑरिजेन या ख्रिस्ती पंडितालाही तो शुभवर्तमानकारांनी घडवला असावा असे वाटले. ‘जगण्यापुरती’, ‘आजची’, ‘उद्याची’ अशा व्युत्पत्त्या मांडल्या गेल्या. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याने लूकच्या पाठात ‘रोजची’ ठेवले, तर मत्तयात त्याच शब्दासाठी ‘पदार्थापलीकडची’ अशा अर्थाचा शब्द योजला. त्यातून उपासनेत ख्रिस्तशरीर म्हणून घेतल्या जाणाऱ्या भाकरीचा अर्थ बळावला. नव्या कराराबाहेरच्या इब्री शुभवर्तमानात इथे ‘माहार’, म्हणजे ‘उद्याची’, असा शब्द आढळल्याचेही तोच नोंदवतो. पेशित्तात ‘आमच्या गरजेची भाकर’ आहे. १८८९ मध्ये इजिप्तमध्ये मिळालेल्या खर्चाच्या एका यादीत ए. एच. सेस या ब्रिटिश अभ्यासकांनी हाच ‘एपिऊसिओस’ शब्द वाचला, आणि तो शिधावाटपाचा साधा शब्द असल्याचे शब्दकोशांत शिरले. पुढे त्या यादीचा पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला प्राचीन कागद) हरवला. १९९८ मध्ये येल विद्यापीठात तो पुन्हा हाती आला, तेव्हा त्या जागी ‘एलाइऊ’, म्हणजे ‘तेल’, असल्याचे दिसले! गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत भाकरीऐवजी ‘गिरास’, म्हणजे घास, मागतात.

पुढच्या मागणीतला ‘पेइरास्मोस’ म्हणजे मोह की कसोटी, याचे उत्तर ग्रीक शब्द देत नाही. त्यात दोन्ही आहेत. मराठी बायबल ‘परीक्षेत आणू नकोस’ असे म्हणते. देव माणसाला मोहात नेईल कसा, ही शंका जुनी आहे. फ्रेंच कॅथलिकांनी २०१७ मध्ये आणि इटालियन कॅथलिकांनी २०२० मध्ये उपासनेतील ही ओळ बदलली, देवच मोहात नेतो असे वाटू नये म्हणून. ग्रीक क्रियापद मात्र ‘आत नेऊ नकोस’ असेच आहे. बदल अर्थ सुकर करतो, शब्दाला धरून नाही. कोंकणीत ‘ताळणेंत पडूंक दिनाका’ (मोहात पडू देऊ नकोस) असे म्हणतातच. त्यापुढच्या ‘वाईटापासून सोडव’ या शब्दांतले ग्रीक रूप ‘वाईट’ आणि ‘तो दुष्ट’, म्हणजे सैतान, असे दोन्ही वाचता येते.

‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ ही शेवटची स्तुती सिनाइटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातील हस्तलिखितांत नाही. ‘दिदाखे’ या प्राचीन नियमावलीत ती ‘राज्य’ या शब्दाविना आढळते. कॅथलिकांच्या मिस्सात, म्हणजे मुख्य उपासनाविधीत, ती प्रार्थनेला लागून येत नाही. मध्ये धर्मगुरूची छोटी विनवणी होते, मग लोक ती म्हणतात.