अपघाती मृत्यू, भरपाईचे दावे आणि अंत्यविधीची इच्छा (ग्रामीण विदर्भ)

अपघातात इजा किंवा मृत्यू झाल्यावर भरपाई मागण्याचा हक्क, आणि आपल्या देहाचे काय व्हावे याबद्दल माणसाने सांगून ठेवलेली इच्छा, हे एरवी दोन वेगळे विषय. ग्रामीण विदर्भात ते एकाच दिवशी एकाच घरापुढे उभे राहतात. फवारणीची विषबाधा, सर्पदंश, वीज, वाघ-अस्वल-रानडुकराचा हल्ला, ट्रॅक्टर उलटणे, महामार्गावर दुचाकीला लागलेली धडक ही इथल्या अकाली मृत्यूंची नेहमीची कारणे आहेत. यांपैकी बहुतेकांसाठी कायद्याने किंवा शासन निर्णयाने भरपाई ठरलेली आहे. ती मिळणार की नाही हे मात्र बऱ्याचदा मृत्यू आणि अंत्यसंस्कार यांच्या मधल्या काही तासांत कोणती नोंद झाली यावर ठरते.

पहिले चोवीस तास

जखमीला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात नेल्यावर डॉक्टर मेडिको-लीगल (पोलीस प्रकरणाची) नोंद करतात आणि पोलिसांना कळवतात. इजा कशी झाली, हे सोबतचा माणूस जे सांगेल तेच तिथे लिहिले जाते. पुढे रुग्ण नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांत हलवला, तरी पहिल्या कागदावरचे वाक्य सर्व प्रकरणात फिरत राहते. ‘पडल्यामुळे इजा’ असे घाईत सांगितले आणि नंतर ‘गाडीने उडवले’ म्हटले, तर विमा कंपनीचा वकील नेमके तेच वाक्य अपघात दाव्याच्या न्यायाधिकरणापुढे ठेवतो. म्हणून वाहनाचा प्रकार, नंबर, जागा आणि वेळ पहिल्याच नोंदीत यायला हवेत.

मृत्यू झाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे मर्ग (आकस्मिक मृत्यूची पोलीस नोंद) दाखल होतो, मरणोत्तर पंचनामा होतो आणि शवविच्छेदन केले जाते. या टप्प्यावर सर्वात मोठे नुकसान करणारा निर्णय म्हणजे ‘चिरफाड नको’ म्हणून मृतदेह परस्पर घरी नेणे. त्यामागचे दुःख खरे असते, पण दहन झाल्यावर मृत्यूचे कारण सिद्ध करायला काहीच उरत नाही. सर्पदंशात आणि विजेच्या धक्क्यात हे वारंवार घडते. माणूस शेतातच गेला, गावाने संध्याकाळी अग्नी दिला, आणि महिन्याभराने शेतकरी अपघात योजनेच्या अर्जासाठी कृषी कार्यालयाने शवविच्छेदन अहवाल मागितला. रुग्णालयात रात्री पोहोचल्यास शवविच्छेदनासाठी बहुधा सकाळपर्यंत थांबावे लागते. तेवढे थांबावे.

फवारणीच्या विषबाधेत आणखी एक अडचण आहे. २०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. तरीही केवळ ‘विषबाधा’ एवढीच नोंद झाली की आत्महत्येची शंका घेतली जाते, आणि आत्महत्या शेतकरी अपघात योजनेत (तिची माहिती पुढे आहे) बसत नाही. त्यामुळे ‘फवारणी करताना’ हे शब्द, पीक, औषधाचे नाव आणि कामाचे तास रुग्णालयात लिहून घ्यावेत. औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्यावे. डॉक्टरला उतारा ठरवायलाही ते लागते. अंगावरचे कपडे धुऊन टाकू नयेत, पंचनाम्यापर्यंत पिशवीत बांधून ठेवावेत. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेत गेला की अंतिम मत महिनोन्महिने अडकते. अर्जाची मुदत त्यासाठी थांबत नाही. ‘मत राखून ठेवले आहे’ असा शेरा असलेला अहवाल जोडून अर्ज वेळेत द्यावा आणि अंतिम मत नंतर पुरवावे.

रस्ता अपघात

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे दावा जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. अपघात झाला ते ठिकाण, वारसांचे राहण्याचे ठिकाण किंवा गाडीमालकाचे ठिकाण, यांपैकी सोयीचे न्यायाधिकरण निवडता येते. अपघात समृद्धी महामार्गावर दुसऱ्या जिल्ह्यात झाला म्हणून तिकडे खेटे घालण्याची गरज नाही. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ च्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, ती पक्की धरून चालावे. त्याच तारखेपासून पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. हा अहवाल गेला का, हे ठाण्यात लेखी विचारावे. फिर्यादीला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते.

दोन वाटा आहेत. कलम १६४ खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मिळतात. कलम १६६ खाली समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रक्कम खऱ्या नुकसानीवर ठरते. कमावता माणूस गेला असेल तर १६४ ची रक्कम घाईने स्वीकारू नये, कारण ती स्वीकारली की १६६ चा दावा संपतो.

१६६ चा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी बराचसा ठरून गेला आहे. समजा, ३८ वर्षांचा शेतमजूर महिना १२,००० रुपये कमावत होता आणि त्याच्यावर चौघे अवलंबून होते. भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून १६,८००; त्यातून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १२,६००; वर्षाचे १,५१,२००; याला या वयासाठी ठरलेल्या १५ या गुणकाने गुणले; म्हणजे २२,६८,००० रुपये. यावर सहवास गमावल्याचे ४०,०००, संपत्तीहानीचे १५,००० आणि अंत्यविधीचे १५,००० मिळतात, आणि या तिन्ही रकमा दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात. अंत्यविधीसाठी एवढीच ठरलेली रक्कम आहे. तेरवीसाठी व्याजाने काढलेले कर्ज भरपाईत धरले जात नाही, हे घरच्यांना आधीच माहीत असलेले बरे. मजुरीचा पुरावा नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतनाचा आधार घेते. घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमालाही किंमत धरली जाते. ‘ती काही कमवत नव्हती’ असे जबाबात कोणी सांगू नये. शेतातली निंदणी, वेचणी, दूध, मुले, स्वयंपाक सगळे सांगावे.

इजेच्या दाव्यात अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईवर झालेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत (राज कुमार वि. अजय कुमार, २०११). पाय गुडघ्याखाली गेलेल्या शिंप्याचे आणि वखर हाकणाऱ्याचे नुकसान सारखे नसते. म्हणून जिल्हा शल्य चिकित्सकांच्या मंडळाच्या प्रमाणपत्रासोबत तो आधी कोणते काम करत होता आणि आता कोणते करू शकत नाही, याची साक्ष द्यावी लागते. औषधांची मूळ बिले, गाडीभाडे, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, सगळे तारीखवार ठेवावे.

ट्रॅक्टरचा प्रश्न वेगळा आहे. कापूस वेचायला, लग्नाला किंवा जत्रेला ट्रॉलीत बसून जाणारे विमा पॉलिसीत प्रवासी धरलेले नसतात. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता असतो आणि कंपनी जबाबदारी नाकारते. काही प्रकरणांत न्यायालय कंपनीला आधी पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करायला सांगते. इतर प्रकरणांत सगळा बोजा मालकावर पडतो, आणि मालकाकडे दोन एकर कोरडवाहूशिवाय काही नसेल तर निकालाचा कागद कोरडाच राहतो. स्वतःच्या चुकीने दुचाकी घसरली तर १६६ चा दावा होत नाही. मालक स्वतः चालवत असेल, परवाना वैध असेल आणि पॉलिसीत वैयक्तिक अपघात संरक्षण घेतलेले असेल, तर मृत्यूसाठी १५ लाख मिळतात. मित्राची गाडी मागून नेलेल्याला ते मिळत नाहीत.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५०,००० रुपये मिळतात. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही, अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे होतो. ही योजना गावोगाव फार कमी लोकांना ठाऊक आहे.

शेत, रान आणि वीज

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वर्षे वयाचा सातबाराधारक आणि त्याच्या कुटुंबातील आणखी एक व्यक्ती बसते. मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास १ लाख मिळतात. सर्पदंश, विंचूदंश, वीज पडणे, बुडणे, उंचावरून पडणे, फवारणी, जनावराचा हल्ला हे सगळे त्यात येते. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. तेरवी होईपर्यंत कागदाला हात लावायचा नाही, अशी रीत अनेक घरांत आहे, आणि त्यात तेरा दिवस जातात. घरातल्या एखाद्या जावयाने किंवा भाच्याने तेवढे काम हातात घ्यावे. इतर विभागाच्या अपघात योजनेतून लाभ घेतला असेल तर इथे पात्रता राहत नाही, म्हणून मोठी रक्कम कुठे आहे ते आधी पाहावे.

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २ लाख स्वतंत्रपणे मिळतात. ४३६ रुपये कापले जात असतील तर जीवन ज्योती विम्याचे २ लाख, मग मृत्यू कशानेही असो. पासबुकाच्या नोंदी तपासल्याशिवाय हे समजत नाही.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात मोहफूल आणि तेंदूपाने वेचणाऱ्यांवर हल्ले होतात. वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील मृत्यूला २०२३ पासून २५ लाख मिळतात. त्यातले १० लाख तातडीने आणि बाकीचे मुदत ठेवीत दिले जातात. घटना ४८ तासांत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवावी. वनरक्षक, पोलीस आणि सरपंच किंवा पोलीस पाटील यांच्यासमोर पंचनामा व्हावा, पायाचे ठसे आणि जागेचे फोटो त्यात यावेत. संतापलेला जमाव मृतदेह उचलू देत नाही तेव्हा पंचनामाच लांबतो आणि तोटा त्या कुटुंबाचा होतो.

वीज पडून मृत्यू झाल्यास तहसीलदारांमार्फत ४ लाख मिळतात. तुटलेल्या वीजतारेच्या धक्क्यात मात्र वितरण कंपनीची जबाबदारी निष्काळजीपणा सिद्ध न करताही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये शैलकुमारी प्रकरणात सांगितले. लाइनमनने तार जोडण्याआधी तिचे फोटो काढावेत आणि विद्युत निरीक्षकाच्या अहवालाची प्रत मागावी. कुंपणात कोणी स्वतःच वीज सोडली असेल, तर दावा त्या शेतमालकावर जातो.

दाखले

मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. गावचा माणूस नागपूरला दगावला तर दाखला नागपूर महानगरपालिकेचा मिळतो, ग्रामपंचायतीचा नाही. नोंद २१ दिवसांत मोफत होते, त्यानंतर विलंब शुल्क आणि परवानगी लागते. किमान पाच-सहा प्रती घ्याव्यात. आधार, सातबारा, पासबुक आणि शवविच्छेदन अहवाल यांत नावाची जुळणी नसणे हे दावे परत येण्याचे नेहमीचे कारण आहे. एका ठिकाणी वडिलांचे नाव, दुसरीकडे आडनाव, तिसरीकडे टोपणनाव असते. वारस नोंद ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे गाव नमुना ६-क मध्ये होते. लग्न झालेल्या मुलीचे नाव त्यातून वगळू नये. वगळले तर पुढे हरकत येते आणि सगळ्यांचेच पैसे अडतात.

महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समिती न्यायालयाच्या आवारातच असते, हेल्पलाइन १५१०० आहे. टक्केवारीवर दावा घेणाऱ्या दलालाला कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. लोकअदालतीतील तडजोडीवर अपील नसते, त्यामुळे आकडा वरच्या रीतीने स्वतः मांडून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

अंत्यविधीची इच्छा

अंत्यविधी कसा व्हावा हे ठरवण्याचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. मृत्युपत्रात लिहिलेली इच्छा नैतिकदृष्ट्या वजनदार असते, पण प्रत्यक्षात निर्णय घरचेच घेतात. शिवाय मृत्युपत्र पेटीतून निघते तोवर राख सावडून झालेली असते. म्हणून ही इच्छा वेगळ्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी लिहावी. तिची एक प्रत जोडीदाराकडे आणि एक गावातल्या विश्वासू माणसाकडे द्यावी, आणि मुख्य म्हणजे ज्याच्या हातून विधी होणार त्याला तोंडी सांगावे. विधवेने किंवा मुलीने अग्नी द्यावा, तेरवीचे जेवण नको, कर्ज काढू नये, अशा इच्छांना भावकीपुढे टिकायला हा कागद मोठा आधार देतो. मुलीने अग्नी देण्यास कायद्याची कुठलीही आडकाठी नाही.

विदर्भात दहनासोबत दफनाचीही परंपरा मोठी आहे: गोंड आदिवासी, महानुभाव, लिंगायत, गोसावी, मुस्लिम, ख्रिस्ती. स्मशानभूमी व दफनभूमीची देखभाल ग्रामपंचायतीकडे असते. जागा नोंदीत नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून ती मागावी, मयत झाल्यावर भांडत बसण्यापेक्षा ते खूप सोपे जाते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला सार्वजनिक स्मशानभूमी वापरण्यापासून अडवणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

देहदानाची इच्छा नागपूर, सेवाग्राम, यवतमाळ, अकोला येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज भरून नोंदवता येते. पण अर्ज भरला तरी वेळेवर नातेवाइकांची संमती लागतेच. शवविच्छेदन झालेला देह महाविद्यालये घेत नाहीत. म्हणजे अपघाती मृत्यूत देहदानाचा आग्रह आणि भरपाईचा दावा एकमेकांच्या आड येतात, आणि शवविच्छेदन कायद्याने टाळता येत नाही. देहदान करणाऱ्याने कागदातच लिहावे: ‘अपघात झाल्यास शवविच्छेदन करावे, नेत्रदान करावे आणि गावी अंत्यसंस्कार करावा.’ नेत्रदान पोलिसांच्या संमतीने अशा प्रकरणातही होऊ शकते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावे, पथक येईपर्यंत पंखा बंद ठेवावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर उंच ठेवावे. सिरोंचा किंवा भामरागडसारख्या तालुक्यांतून एवढ्या वेळात पथक पोहोचणे कठीण असते, म्हणून तिथल्या माणसाने जवळ कुठली नेत्रपेढी आहे हे आधीच विचारून ठेवावे आणि इच्छापत्रात दुसरा पर्यायही लिहावा.