आभासी जगातली पांढरी काठी

संगणकावरचे आभासी जग अंध माणसांसाठी पहिल्यापासून बंदच होते, हा समज चुकीचा आहे. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' हा अनेकांनी मिळून खेळायचा खेळ रचला, तो निव्वळ शब्दांचा होता. 'उत्तरेला जा' अशी आज्ञा टाइप केली की समोरची जागा वाक्यांत उलगडायची. पुढे मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर आले. अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर यांच्या कंपनीचा 'जॉज' १९८९मध्ये आला. डोळस आणि अंध खेळाडू एकाच वाटेने चालू शकतील, अशी ही जगे होती.

दार बंद केले ते चित्रांनी. त्रिमितीय खेळातली भिंत म्हणजे पडद्यावरचे रंगीत ठिपके. त्यात स्क्रीन रीडरने वाचावे असे काही नसते. २००३मध्ये सुरू झालेल्या 'सेकंड लाइफ' या त्रिमितीय आभासी जगात निदान वस्तूंना नावे देण्याची सोय होती. नेवाडा विद्यापीठाच्या रीनो येथील संशोधकांनी 'टेक्स्टएसएल'द्वारे ते जग पुन्हा शब्दांत आणले. पण वस्तू घडवणाऱ्या कितीतरी लोकांनी नाव दिलेलेच नव्हते. खुर्ची असो वा झाड, नाव एकच: 'ऑब्जेक्ट'. नाव द्यायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यासाठी कुणाची तरी वाट अडते, याचे मला फार वाईट वाटते.

मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटते ते चिलीतले काम. नव्वदच्या दशकाअखेरीस हाइमे सांचेस आणि सहकाऱ्यांनी 'ऑडिओडूम' हा केवळ आवाजावर चालणारा खेळ अंध मुलांच्या हाती दिला. खेळून झाल्यावर मुलांनी ऐकलेले बोगदे आणि दारे लेगोच्या ठोकळ्यांनी मांडून दाखवली. कानांनी पाहिलेल्या जागेचा नकाशा मनात उमटला होता!

त्यातूनच पुढचा प्रश्न आला: हा नकाशा खऱ्या इमारतीत उपयोगी पडेल का? सांचेस आणि लोत्फी मेराबेत यांनी अमेरिकेतल्या न्यूटन येथील कॅरोल सेंटर या अंधांच्या संस्थेची एक इमारत ध्वनीत उभी केली. काहींना तिच्यातले मार्ग पायरीपायरीने शिकवले, तर काहींना राक्षसांना चुकवत रत्ने शोधायला सोडले. २०१२मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: खऱ्या इमारतीत दोन्ही गट नीट चालले, पण जवळच्या वाटा काढण्यात रत्ने शोधणारे सरस ठरले. भटकून शिकलेली जागा अंगात मुरते.

२०१८मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'केनट्रोलर' दाखवली. ही आभासी काठी आभासी टेबलाला लागली की कमरेला बांधलेला ब्रेक हातातली काठी खरोखर अडवतो; स्पर्शाची थरथर आणि ठोकल्याचा आवाजही येतो.

२०२०च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या व्हिडिओ खेळामध्ये एक बटण दाबले की नजर पुढच्या वाटेकडे वळते, शत्रू आणि वस्तू कुठे आहेत ते ध्वनीच्या लहरी सांगतात. खेळ घडत असतानाच ब्रँडन कोल हे अंध खेळाडू सल्लागार म्हणून निर्मात्यांसोबत बसले होते.