फ्लँडर्सचे बदक

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडवरच्या फ्लँडर्स गावी रस्त्यालगत एक पांढरेशुभ्र बदक बसले आहे. उंची 20 फूट, लांबी 30 फूट. छातीतल्या दारातून आत गेले की दुकान.

मार्टिन मौरर या बदकपालकाने ते 1931मध्ये शेजारच्या रिव्हरहेड गावात उभे केले. काही वर्षांनी आपल्या व्यवसायाबरोबर तेही फ्लँडर्सला नेले. हा सारा भाग तेव्हा पेकिन बदकांसाठी नावाजलेला होता आणि मौररला बदके नि अंडी वाटसरूंना विकायची होती. कॅलिफोर्नियात कॉफीच्या किटलीच्या आकाराचे दुकान पाहून त्याला ही कल्पना सुचली. लाकडी सांगाडा, त्यावर तारेची जाळी, वरून सिमेंटचा गिलावा. डोळ्यांच्या जागी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचे मागचे दिवे! ते दिवे मला या साऱ्या इतिहासाची खूणच वाटतात. 1927पर्यंत दीड कोटी मॉडेल टी कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या. माणसे चालता चालता पाटी वाचत, दुकानापाशी रेंगाळत. भरधाव मोटारीतल्या गिऱ्हाइकाला तेवढी सवड कुठली? मग इमारतच पाटी झाली.

तशी ही युक्ती मोटारीहून जुनी. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर जेम्स लॅफर्टीने 1881मध्ये 65 फुटी हत्तीण बांधली, ती प्लॉट विकण्यासाठी. गिऱ्हाइकाला अंबारीत चढवायचे आणि वरून जमीन दाखवायची. ही ‘लुसी’ आजही उभी आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या झिला गावचा चहाच्या किटलीसारखा पेट्रोल पंप 1922चा. त्यात ‘टीपॉट डोम’ या त्या वेळच्या तेल घोटाळ्याला काढलेला चिमटा होता.

1956नंतर आंतरराज्य महामार्ग झाले, वाहतूक जुन्या रस्त्यांवरून उठली आणि अशी कित्येक दुकाने ओस पडली. त्यात जाणकारांची नाराजी. वास्तुरचनाकार पीटर ब्लेक यांनी 1964मध्ये अमेरिकेच्या विद्रूपीकरणाचा नमुना म्हणून याच बदकाचे छायाचित्र छापले. ते रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन या वास्तुरचनाकारांच्या नजरेत भरले. स्टीव्हन आयझेनूर यांच्यासह 1972मध्ये लिहिलेल्या ‘लर्निंग फ्रॉम लास वेगास’मध्ये त्यांनी इमारतींचे दोन प्रकार मांडले: जिचा आकारच अर्थ सांगतो ती ‘बदक’, आणि साध्या खोक्यावर पाटी लावलेली ती ‘सजवलेली शेड’. त्यांचा स्वतःचा कल शेडकडे होता. तरीही एका शेतकऱ्याच्या दुकानामुळे वास्तुशास्त्राला कायमची संज्ञा मिळाली, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

मूळचे दुकान 1984मध्ये बंद झाले. जागेवर नवे बांधकाम येऊ घातले, तेव्हा सफोक काउंटीने बदक ताब्यात घेतले आणि 1988मध्ये ते अख्खे उचलून दुसरीकडे हलवले. 1997मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचे नाव लागले आणि 2007मध्ये ते फ्लँडर्सला आपल्या जुन्या जागी परतले. नाताळ जवळ आला की गावकरी त्याच्या गळ्यात हिरवा हार घालतात, रोषणाई करतात.