व्यक्तिछायाचित्रण आणि स्वओळख (इंदूर)

चेहरा, पोशाख, बसण्या-उभे राहण्याची ढब आणि भोवतालच्या वस्तू यांतून ‘मी कोण’ हे दाखवण्याची किंवा स्वतःशी तपासून पाहण्याची छायाचित्रणपद्धती. फोटो काढणारा, काढून घेणारा आणि पुढे तो पाहणारा अशा तिघांचा त्यात हात असतो. संस्थानी इंदुरात चौथा, म्हणजे दरबार, बहुधा वरचढ ठरे.

लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) रुडकीला शिकून १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि इथेच कॅमेऱ्याकडे वळले. दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारतातले ब्रिटिश सरकारचे एजंट (प्रतिनिधी) सर हेन्री डेली यांचा त्यांना आश्रय मिळाला. पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला; तिथला कॅमेरा एक इंग्रज बाई सांभाळत. त्या काळच्या दरबारी फोटोंत पगडी, तलवार, पदके बोलतात. चेहरा गप्प असतो. लांबलेले एक्स्पोजर (फोटो टिपायला लागणारा वेळ) हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. ते अपुरे आहे, कारण आधीच रसायन लावून ठेवलेल्या कोरड्या काचा आल्यावर वेळ कमी झाला तरी ताठ मान तशीच राहिली. रुबाबाची ती रीतच होती.

ही रीत मोडलेली पाहायची तर दुसरे यशवंतराव होळकर (१९०८–१९६१) आणि महाराणी संयोगितादेवी यांचे अमेरिकी छायाचित्रकार मॅन रे यांनी १९३० च्या सुमारास युरोपात काढलेले फोटो पाहावेत. अंगावर युरोपीय कपडे, दागिन्यांचा बडेजाव नाही, नवराबायको एकमेकांना खेटून हसताहेत; संस्थानाचा मागमूस नाही. त्याच सुमारास बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांची दोन तैलचित्रे केली: १९२९ मध्ये पाश्चात्त्य सायंपोशाखातले, तर काही वर्षांनी पांढऱ्या मराठा पोशाखात, पगडीसह गादीवर बसलेले. यातले खरे कोणते, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. एकाच माणसाला दोन्ही हवी होती, आणि फोटोत तिसरेही सापडले. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून इंदूरचा माणिकबाग राजवाडा आधुनिक शैलीत बांधून घेणाऱ्याला ते जड गेले नसावे.

सामान्य मराठी घरांत हा खेळ स्टुडिओत चाले. रंगवलेला पडदा, कोरीव तिवई, तिच्यावर टेकलेला हात. खरी करामत मात्र मागच्या खोलीत होई. रिटचिंग करणारा निगेटिव्ह उजेडासमोर तिरपी धरून टोकदार पेन्सिलीने चेहरा भरत जाई. त्वचेवरचा काळसर डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तिथे शिसे चढले की छापात डाग उजळतो. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे अशीच पुसली जात. स्थळ दाखवायच्या फोटोत ‘रंग जरा उजळ घ्या’ ही मागणी ठरलेली असे. नऊवारी की पाचवारी, फेटा की कोट हे बऱ्याचदा घरची वडीलधारी मंडळी ठरवत, त्यामुळे अशा फोटोंतून मुलीपेक्षा घराचीच ओळख जास्त कळते.

याच्या उलट टोकाला सरकारी ओळखपत्राचा फोटो: पगडी नाही, तिवई नाही, सरळ समोर बघा. तो कुणालाच आपला वाटत नाही, तरी बँकेत तोच चालतो. राजवाड्यासमोर मोबाइलने स्वतःचा फोटो काढणाऱ्यांना पडदा आणि रिटचिंग दोन्ही फुकट मिळतात, आणि पोशाखाचा निर्णयही बराचसा त्यांच्याच हाती आला आहे.