लोकांची एनओसी आणि देवाची

‘लोक काय म्हणतील’ हा आज आपल्याला मनाच्या टेन्शनचा विषय वाटतो, पण आपल्याकडे लोकांची मान्यता ही नुसती मनातली गोष्ट नव्हतीच कधी, ती अक्षरशः जाऊन मागून आणायला लागायची आणि नाही मिळाली तर पंगत बंद, सोयरीक बंद, मयताला खांदा द्यायलाही कोणी नाही.

तेराव्या शतकातली ज्ञानेश्वरांच्या घरची कथा सगळ्यांना माहितीये. विठ्ठलपंत संन्यास सोडून परत संसारात आले म्हणून घर वाळीत, मुलांच्या मुंजी होईनात, आणि परंपरा सांगते की आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं. एवढं होऊनही ती चार पोरं शुद्धिपत्र, म्हणजे शुद्ध करून परत जातीत घेतल्याचं पत्र, मागायला पैठणला गेलीच. रेड्याची गोष्ट सगळे रंगवून सांगतात, पण मला हे पत्र मागायला जाणं जास्त बोचतं.

तुकोबांकडे येईपर्यंत सूर बदललेला दिसतो. आपल्या आयुष्याबद्दल सांगणारा त्यांचा ‘याती शूद्र’ हा अभंग आहे ना, त्यात ते सरळ म्हणतात, ‘सत्य असत्यासी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता’. ही ओळ आता स्टेटसला टाकायच्या कामाची झालीये, पण त्याच अभंगात पुढे निषेधाचा आघात झाला, चित्त दुखावलं हेही त्यांनी लिहून ठेवलंय, म्हणजे लोकांचं काही वाटतच नव्हतं असं अजिबात नाही. अभंगांच्या वह्या बुडवल्या, मग ते धरणं धरून बसले, तेरा दिवस असं परंपरा म्हणते, आणि धरणं कोणाच्या दारात तर देवाच्या! धर्मसभेकडे अपील नाही, आणि ‘केले नारायणे समाधान’ एवढ्यावर त्यांच्यापुरता विषय संपला.

आता गंमत बघा, हाच तुकाराम पुढे प्रार्थना समाज या सुधारकांच्या संस्थेतल्या मंडळींनी (स्थापना १८६७, मुंबई) डोक्यावर घेतला, न्यायमूर्ती रानडे त्यातलेच. आणि १८९० मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनच्या कार्यक्रमात चहा समोर आला, गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं पेपरात छापून आणली आणि एका कप चहावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकायचा खटला, उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त झालंय असं सांगितलं, रानड्यांनी बरंच ताणून शेवटी घेतलं. त्यांना भित्रं म्हणणं सोपं आहे, पण अडकलेल्या मित्रांच्या घरच्यांचे हाल होत होते आणि त्यांच्यासाठी रानडे वाकले असं म्हणतात, मला ते पटतंही. देवाची मान्यता एकट्याला पुरते हो, पण मुलीचं लग्न ठरवायला ती कुठे दाखवणार?

हा वाळीत टाकायचा प्रकार जातपंचायती, गावकीतून चालतच राहिला, म्हणून महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला, दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.